साडेपाच एकरांचं पाणी

पहाटे 5:30

या आठवड्यात आमच्या फीडरला वीज दिवसपाळीची आहे. कागदावर ती सहाला येते. तिच्या आधी विहिरीवर पोचावं लागतं, कारण मोटर चालू झाल्यावर मोजलेल्या पातळीला काही अर्थ नसतो. रात्रभर स्थिरावलेली पातळीच खरी.

मोजायचं साधन घरचंच. सुती दोरी, दर फुटाला गाठ, दर परसाला लाल चिंधी, आणि टोकाला तळाशी थोडी वाळू घातलेली प्लॅस्टिकची बाटली. बाटली पाण्याला टेकली की हातातली दोरी सैल पडते. आज ती 17 फुटांवर सैल पडली. विहीर आठ परस खोल, म्हणजे 48 फूट. तीत आज 31 फूट पाणी आहे.

सांगोला तालुक्यात कार्तिकात विहिरीला एवढं पाणी असलं की लोक बरं वर्ष म्हणतात. माण नदीचं हे खोरं सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, त्यातला मोठा हिस्सा परतीचा. भरलेली विहीर पाहून नवी लागण करणारे आणि मार्चमध्ये टँकरवाल्याचा नंबर शोधणारे इकडे बऱ्याचदा एकच असतात.

सकाळी 6:10

वीज अजून नाही. काठावर बसून हिशेब करायला बरा वेळ मिळतो. हा हिशेब मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय आणि दरवर्षी पुन्हा मांडतो.

बाग डाळिंबाची, वाण भगवा, अंतर 14 बाय 10 फूट, म्हणजे एकरी 311 झाडं. आमचा हस्त बहार. सप्टेंबरात ताण मोडला, मार्चपर्यंत फळ उतरेल. या थंड दिवसांत झाडाला सरासरी 20 लिटर धरले तरी एकरी दिवसाला सहा हजार लिटरच्या वर जातं, आणि सहा महिन्यांत 11 लाख. आता दुसरी बाजू. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण 4,000 लिटर पाणी. 500 मिलिमीटर म्हणजे 20 लाख. इथपर्यंत सगळे खूश असतात, 20 लाख पडले, 11 लाख वापरले. पण पडलेलं पाणी विहिरीत येत नाही. काही वाहून जातं, बरंच उडून जातं, काही पिकं आणि गवत पितात. आमच्या काळ्या पाषाणाच्या मुलखात पावसाचा साधारण दहावा हिस्सा खाली भूजलात उतरतो. 20 लाखांतले दोन लाख.

म्हणजे एक एकर डाळिंब साडेपाच एकरांवर मुरलेलं पाणी पितं. माझी बाग तीन एकर, तिला साडेसोळा एकरांचं पाणी लागतं. माझी एकूण जमीन सात एकर. उरलेले साडेनऊ एकर कुणाचे?

माझी विहीर, माझी मोटर, माझं पाणी असं बोलणाऱ्याला मी हा प्रश्न विचारतो. उत्तर येत नाही, चहा येतो.

सकाळी 6:35

वीज आली. स्टार्टर दाबण्याआधी वाळूच्या फिल्टरचा वॉल्व्ह उलटा करून बॅकवॉश घेतला. हे गढूळ पाणी पूर्वी ओढ्यात जायचं, आता गिनी गवताच्या पट्ट्यात सोडलंय. चार मिनिटांचं काम. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही, पण हेच चार मिनिटांचं काम टाळल्यामुळे ड्रिपर तुंबतात, मग शेवटच्या ओळीतली झाडं सुकतात, मग अख्ख्या बागेला अर्धा तास जादा पाणी दिलं जातं.

सकाळी 7:00

मोटर वरच्या दीड एकरावर सोडून मी खालच्या दीड एकरात गिरमिट घेऊन फिरतो. वीतभर खोलीवरची माती काढायची, मुठीत दाबायची. गोळा होऊन बोटाच्या टिचकीने फुटला तर वाफसा आहे. तळहाताला चिखल लागला तर पाणी जास्त झालंय. गोळाच झाला नाही तर पाणी द्यायची वेळ आली. बाजारात टेन्शियोमीटर मिळतो, चांगलं साधन आहे, माझ्याकडे दोन आहेत. पण ते दोनच जागांचं सांगतात आणि बाग तीन एकरांची आहे.

आज खालच्या भागात सहा ठिकाणी गिरमिट घातलं. सगळीकडे गोळा झाला, सगळीकडे टिचकीने फुटला. म्हणजे या भागाला आज पाणी नाही. झाडाला चार ड्रिपर, प्रत्येक ताशी चार लिटरचा. 20 लिटरला सव्वा तास लागतो. एवढा सव्वा तास आज वाचला.

शेजारचे आबा बांधावरून बघत होते. म्हणाले, "काय रं, वीज असताना मोटर एकाच भागाला? रात्रपाळी लागल्यावर रडशील."

"वाफसा हाय आबा."

"आरं, आसू दे की. पाण्यानं झाड मरतंय व्हय?"

मरतं. आणि हे आबांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. 1990 साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली आणि या माळरानांवर डाळिंब पसरलं. मुरमाड, चुनखडीची, भाकरीपुरती बाजरी देणारी जमीन डाळिंबाला मानवली, कारण तिच्यात पाणी थांबत नाही. मग ठिबक आलं, मोठे बोद आले, आणि मुरमावर गाळ आणून टाकायची चढाओढ लागली. गाळाने जमीन भारी झाली, पाणी मात्र जुन्याच सवयीने, खोडाजवळ. पांढरी मुळी गुदमरली. मर रोगाची बुरशी, सूत्रकृमी आणि शेवटी खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा भुंगेरा, हे सगळे अशा अशक्त झाडावर आधी उतरतात. 2020 नंतरच्या एक-दोन वर्षांत या तालुक्यात किती बागा जेसीबीने उपटल्या गेल्या ते इथल्या प्रत्येक गावाने पाहिलंय. आबांची दोन एकर त्यात गेली. दोष एकट्या पाण्याचा नव्हता, ती वर्षं पावसाचीही होती. पण जास्तीच्या पाण्याने वाट मोकळी करून दिली, हे माझं मत आहे आणि ते बदलावं असं काही मला अजून दिसलेलं नाही.

ड्रिपर आता खोडापासून दूर, झाडाच्या सावलीच्या कडेला आहेत. पांढरी मुळी तिथेच असते.

सकाळी 8:30

भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चहा. तोवर मजूर बायका आल्या. त्यांच्यातल्या मावशी सगळ्यांत वडीलधाऱ्या, कार्तिकी करून पंढरपूरहून परवाच आलेल्या. प्रसादाचे चुरमुरे त्यांनी आधी माझ्या हातावर ठेवले आणि मग बागेकडे पाहून नाक मुरडलं.

"दादा, औंदा बी खुरपायचं न्हाई?"

"न्हाई मावशी. कापायचं. चार बोटं ठेवून."

"लोक म्हणत्यात, ह्याची बाग तणात गेली."

लोक म्हणतातच. आपल्याकडे चांगल्या शेतकऱ्याची खूण म्हणजे चकाचक बाग, दोन ओळींमध्ये काडी दिसता कामा नये, रोटर फिरवून माती पिठासारखी भुगा केलेली. अशी बाग फोटोत फार छान दिसते. पहिल्या वळवाच्या सरीला तिच्यावर पापडी धरते, दुसऱ्या सरीला पाणी त्या पापडीवरून पळत सुटतं आणि जाताना मातीचा सगळ्यांत सुपीक थर ओढ्याला घेऊन जातं. उन्हाळ्यात हीच उघडी माती इतकी तापते की वरच्या दोन बोटांत कुठलंही मूळ टिकत नाही.

आमच्याकडे झाडांच्या ओळीत बोदावर उसाच्या पाचटाचं आच्छादन आहे, माळशिरसकडून ट्रॅक्टरने आणलेलं. दोन ओळींमध्ये पावसाळ्यात ताग पेरतो आणि फुलोऱ्याला यायच्या आत तिथेच आडवा करतो. त्यानंतर जे उगवेल ते गवत येऊ द्यायचं आणि गुडघ्याला लागलं की कापायचं. कापलेलं तिथेच पडतं. तागाच्या गाठी हवेतला नत्र धरतात, गवताची मुळं कुजून मातीत नळ्या राहतात, गांडुळं त्या वापरतात आणि पाऊस त्या वाटेने खाली उतरतो.

सगळंच गवत चालतं असं मात्र नाही. हरळी आणि लव्हाळा दिसला की मुळासकट काढायचा, गाजर गवत फुलायच्या आत. मावशींना हे तिन्ही माझ्यापेक्षा लवकर दिसतात. तणनाशक आम्ही मारत नाही. ते स्वस्त पडतं, खरं आहे, आठ बायकांची मजुरी वाचते. पण मग माती पुन्हा उघडी पडते आणि ज्यासाठी सगळा खटाटोप केला तेच हातचं जातं.

दुपारपर्यंत त्यांनी अकरा ओळी कापल्या. विळ्याने कापल्यावर जो ओला वास सुटतो त्यावर बगळे लगेच जमा होतात.

सकाळी 10:30

फळांची पाहणी. फळं आता लिंबापासून पेरूपर्यंतच्या आकाराची आहेत. प्रत्येक पाचव्या झाडाशी थांबायचं, चारही बाजूंनी बघायचं. तेल्याचे डाग दिसले तर फळ तोडून गोणीत. गोणी बागेबाहेर खड्ड्यात, वर चुना. ओढ्यात अजिबात नाही. रोगट फळं आणि छाटलेल्या फांद्या ओढ्यात ढकलून देणं ही आमच्याकडची जुनी रीत आहे, आणि तेल्या पावसाच्या पाण्याबरोबर एका बागेतून दुसरीकडे जातो, हेही सगळ्यांना पाठ आहे.

आज एकूण अकरा फळं निघाली. सुरसा अळीचं छिद्र दोन फळांना. फुलकिडे नगण्य. म्हणून आज फवारणी नाही.

फवारणी न करण्याचा निर्णय घेणं हे फवारण्यापेक्षा अवघड काम आहे. फवारलं की रात्री झोप लागते. पण बांधावर शेवग्याला आणि तुरीला फूल आहे, मधमाश्या आहेत, आणि उशिरा आलेली थोडी कळी अजून उमलतेय. फवारावंच लागलं तर सूर्य कलल्यावर. पंप धुतलेलं पाणी विहिरीपासून लांबच्या ठरलेल्या खड्ड्यात, ज्यात शेणखत, माती आणि पाचट भरलंय. रिकामी बाटली तीनदा खळबळून ते पाणी पुन्हा फवारणीच्याच टाकीत. विहिरीच्या काठावर बसून पंप धुणारे मी रोज बघतो. तेच पाणी संध्याकाळी त्यांच्या घरच्या हंड्यात येतं.

दुपारी 12:30

जेवायला बसणार तेवढ्यात मोटारसायकलवरून एक प्रतिनिधी आला. कोणत्या कंपनीचा ते सोडा. मुलगा चांगला होता, कृषी पदवीधर, उन्हाने करपलेला. त्याच्या बॅगेत नऊ बाटल्या होत्या. एक माती भुसभुशीत करते, एक पांढरी मुळी वाढवते, एक फळ फुगवते, एक बाकीच्या आठांचं काम सोपं करते.

मी त्याला बसवला आणि दोन स्टीलचे पेले पाण्याने भरून आणले. एका वाटीत दोन ढेकळं वाळवून ठेवलेली असतात. एक माझ्या बोदावरचं, पाचटाखालचं. दुसरं माझ्याच शेताच्या कडेच्या पट्टीतलं, जिथून बैलगाडी जाते आणि रोटर वळतो, जिथे गेल्या कित्येक वर्षांत शेणाची पाटीही पडलेली नाही. मूळ जमीन एकच. दोन्ही ढेकळं एकदम पाण्यात सोडली.

कडेच्या पट्टीतल्या ढेकळातून आधी बुडबुड्यांची माळ निघाली. मग त्याची एक बाजू खचली, वाळू सुटावी तशी. मिनिटभरात पेल्याच्या तळाशी गाळ आणि वर चहासारखं पाणी. बोदावरच्या ढेकळातूनही बुडबुडे आले, पण ते तसंच बसून राहिलं. त्याच्यातून एक केसाएवढं मूळ बाहेर आलेलं होतं, ते पाण्यात हलत राहिलं. आमचं जेवण होईपर्यंत ढेकूळ जागचं हललं नाही, पाणी नितळ.

"यात कुठलं औषध वापरलंय सर?" त्याने विचारलं.

शेणखत, ताग, पाचट आणि न नांगरणं. मातीचे कण एकमेकांना धरून ठेवणारा डिंक मुळं, बुरशी आणि जिवाणू तयार करतात, आणि त्यांना खायला लागतं ते वरून मिळणारं कुजकं. माझ्या माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब आधी 0.38 होता, आता 0.71 आहे. सामू 8.2 होता तो 8.1 झाला. चुनखडीची जमीन आहे, सामू काही फार हलणार नाही, आणि तो बाटलीनेही हलत नाही.

इथे आमच्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायला हवं. सेंद्रिय कर्ब एक टक्का वाढला की एकरी अमुक लाख लिटर पाणी जास्त धरलं जातं, अशी वाक्यं व्यासपीठावर फार चालतात. मोजून पाहणाऱ्या शास्त्रज्ञांचे आकडे बरेच माफक आहेत. एक टक्का वाढीला मातीच्या दर दहा सेंटिमीटर थरात उपलब्ध पाणी एक-दोन मिलिमीटर वाढतं, तेही वाळूसर मातीत जास्त आणि चिकण मातीत कमी. खरा फायदा वेगळा आहे. पापडी धरत नाही, सर वाहून न जाता मुरते, आच्छादनाखाली बाष्पीभवन कमी होतं, आणि पांढरी मुळी वरच्या थरात जिवंत राहते. एवढा फायदा पुरेसा असताना फुगवून सांगायची गरज काय?

जीवामृताचंही तेच. 200 लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. मी करतो, दर पंधरवड्याला ठिबकच्या कडेने सोडतो. पण त्या दहा किलो शेणात नत्र असून असून किती असणार? पन्नास ग्रॅम. एकरभर बाग त्यावर पोसली जात नाही. ते मातीतल्या जिवांना हलवून जागं करतं, पुढे खायला शेणखत आणि तागच लागतो. आणि फळ पोसताना मी विद्राव्य खतंही देतो, पान आणि माती तपासून, थोडी थोडी. मुरमावर युरियाची मूठ एकदम टाकली तर पुढच्या पाण्याबरोबर त्यातला बराच नत्र नायट्रेट होऊन खाली विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि आमच्या वस्तीची विहीर बागांच्या खालच्या अंगाला आहे.

मुलाने दोन्ही पेल्यांचा फोटो काढला. बाटल्या परत बॅगेत भरल्या. माहितीपत्रक ठेवून गेला.

दुपारी 3:00

बांधापलीकडे नवं शेततळं झालंय, 30 बाय 30 मीटर, तीन मीटर खोल, निळ्या-काळ्या प्लॅस्टिकच्या अस्तराचं. मालक माझ्याच वयाचे, कष्टाळू, मुलीचं लग्न तोंडावर. त्यांनी तळं दाखवायला बोलावलं होतं. तळ्यात दोन बोअरचं पाणी पडत होतं.

एका बाजूला एक उतार धरला तर या मापाच्या तळ्यात जवळपास 22 लाख लिटर पाणी मावतं. मी त्यांना कौतुकाने सांगितलं, काम चोख झालंय, आणि ते खरंही होतं. मग म्हणालो, रोज सहा मिलिमीटर उडतं असं धरा. हिवाळ्यात कमी, एप्रिल-मेमध्ये कितीतरी जास्त. तळं काठोकाठ असताना वरचं पसरट तोंड 900 चौरस मीटर. म्हणजे रोज 5,400 लिटर आभाळात.

ते गप्प झाले. एका एकराच्या बागेची रोजची गरज जवळपास तेवढीच आहे.

शेततळं ही कल्पना मुळात पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवायची. ओढ्याचं, पाटाचं, आवर्तनाचं जादा पाणी आलं तर ते साठवायलाही ठीक. पण जमिनीच्या पोटात अंधारात, गारव्यात, फुकट साठलेलं पाणी विजेने वर ओढून उन्हात पसरवायचं, ही साठवण नाही. खरं सांगायचं तर हा सगळ्यांच्या भांड्यातलं पाणी आधी आपल्या भांड्यात ओतून घ्यायचा प्रकार आहे, आणि त्यातलं बरंचसं उन्हालाच जातं. मी हे एवढ्या कडक शब्दांत त्यांना म्हणालो नाही. त्यांचंही एक म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. "मी नाही उपसलं तर वरच्या अंगाचा उपसणारच आहे. त्याला कोण अडवतंय?"

कायदा आहे. महाराष्ट्राचा भूजल कायदा 2009 चा, अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी 60 मीटरपेक्षा खोल विहिरीला त्यात मनाई आहे. रात्री फिरणाऱ्या बोअरच्या गाड्या तो वाचत नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचंच नाही असं गावाने ठरवून पाळून दाखवलं. तिथे अडवणारा गावच होता.

ठिबकबद्दलही हेच. ठिबकने पाणी वाचतं हे शंभर टक्के खरं. पण मोकळ्या पाण्यावरची एक एकर बाग ठिबकवर नेली आणि वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर लावली, तर विहिरीला काय मिळालं? आमच्या ओढ्यावर ठिबक सगळीकडे आहे. विहिरी तरी फेब्रुवारीतच तळ दाखवत होत्या.

दुपारी 4:15

वरच्या अंगाची ताल बघून आलो. परतीच्या पावसाने सांडव्याचे दगड निसटलेत. माझा मुलगा आणि मी दोघांनी मिळून ते पुन्हा बसवले. ही ताल आजोबांच्या वेळची. तिच्यामागे ज्वारी आहे, आता पोटरीत येईल. तालीमागे अडलेलं पाणी मातीतून गाळून खाली उतरतं, त्यामुळे ते विहिरीत थेट सोडलेल्या पाण्यापेक्षा मला जास्त भरवशाचं वाटतं. विहीर पुनर्भरण आम्हीही केलंय, पण खडी-वाळूचा गाळण खड्डा घालून, आणि पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर वळवून. नाहीतर शेतातली खतं आणि औषधं सरळ विहिरीत नेऊन घालण्याची ती सोय होते.

संध्याकाळी 6:45

आज त्रिपुरारी पौर्णिमा. देवळात पणत्या लावायला बायका-पोरं जमली होती. आम्ही विहीरवाले पाराच्या एका कडेला. ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या अकरा विहिरी दर पौर्णिमेला आणि अमावास्येला मोजायच्या आणि आकडे देवळाच्या भिंतीवर खडूने लिहायचे, असं आमचं ठरलंय. अटल भूजल योजनेच्या काळात गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आली, त्यातून हे सुचलं. सुरुवातीला दोघे आकडे कमी करून सांगायचे. भिंतीवर शेजारच्या विहिरीचा आकडा दिसायला लागल्यावर ते आपोआप थांबलं, कारण एकाच ओढ्याच्या विहिरी फार वेगळं बोलत नाहीत.

आज अकरांपैकी नऊ आकडे आले. सगळ्यांत खालची विहीर 14 फुटांवर, सगळ्यांत वरची 23 वर.

मग खरा विषय निघाला, आंबे बहार. तिघांच्या बागा सध्या विश्रांतीत आहेत. डिसेंबरात ताण, जानेवारीत इथरेलने पानगळ, मग पहिलं पाणी, असा त्यांचा बेत. फळाला भाव चांगला मिळतो, फूलही हमखास येतं. पण फळ पोसायचं ते मार्च ते जून, आणि त्या उन्हात झाडाला दिवसाला 40-50 लिटर लागतात. हस्त बहाराच्या दुपटीहून जास्त. आमच्या भाषेत सांगायचं तर एक एकर आंबे बहार दहा-बारा एकरांचं पाणी पितो.

हस्त बहारही काही फुकटचा नाही, हे मला मान्य करायला हवं. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस लागून राहिला की झाडाला ताण बसत नाही आणि ताण बसला नाही की कळी निघत नाही. आमचा मुरूम हलका म्हणून जमतं. ज्यांनी गाळ भरलाय त्यांना जमेलच असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. त्यांच्यासाठी मृग बहार उरतो, आणि मृगात तेल्याचं भय. म्हणजे पाण्याची जोखीम कमी करायची तर रोगाची किंवा फुलाची जोखीम घ्यावी लागते. हे तिघांनाही कळत होतं, म्हणून चर्चा लांबली.

एकाने विचारलं, टेंभू योजनेचं आवर्तन आलं तर? दुसरा म्हणाला, गेल्या खेपेला कधी आलं ते आठव. तिसरे ते शेततळंवाले. ते बराच वेळ भिंतीवरचे आकडे बघत होते. त्यांचं लग्नकार्य मे महिन्यात आहे, पैसा त्याआधी उभा करायचा, आणि आंबे बहाराच्या फळावर व्यापारी उचल देतो. आमच्यातल्या कुणाकडेच त्याला उत्तर नव्हतं. पाण्याच्या हिशेबात लग्नाचा रकाना नसतो.

रात्री 9:00

वहीत आजच्या नोंदी: पातळी 17 फूट, वरच्या भागाला पाणी सव्वा तास, खालच्या भागाला नाही, रोगट फळं 11, फवारणी नाही, गवत 11 ओळी.

पारावर झालेला निर्णय असा. दोघांनी आंबे बहार सोडला, एक हस्त धरणार, एक मृग. शेततळंवाल्यांनी येत्या अमावास्येच्या मोजणीपर्यंत मुदत मागितली आहे. तोवर इथरेल आणायचं नाही आणि बोअरचं पाणी तळ्यात सोडायचं नाही, एवढं त्यांनी अकरा जणांसमोर कबूल केलं आहे.